अण्णांचे इंग्रजी शब्द

४ मार्च
"इम्पर्टिनंट!" — अण्णा मला म्हणाले. माझे सासरे. अर्धांगाच्या झटक्यानंतरचा त्यांचा पहिला स्पष्ट शब्द. सगळे खूश! दुपारी त्यांच्याच जुन्या शब्दकोशात पाहिलं. उद्धट. न विचारता पांघरूण ओढलं, म्हणून असावं.

५ मार्च
डॉक्टर म्हणाले, "कधीकधी शिकलेली भाषा आधी परतते. मराठीचं सांगता येत नाही." अण्णांनी जन्मभर कॉलेजात जुनं इंग्रजी गद्य शिकवलं. म्हणजे आता पाणी हवं असलं तर मागता येत नाही, माणसाचा स्वभाव मात्र नेमका सांगता येतो. कठीण आहे!

९ मार्च
नर्सबाई पेट्युलंट — चिडक्या. माझा चहा डिप्लोरेबल. हा शब्द बघावा लागला नाही.

१२ मार्च
आमच्या चष्म्याच्या दुकानात एका बाईंनी आज पुन्हा फ्रेम बदलून मागितली. माझ्या तोंडून गेलं, "कॅप्रिशस!" म्हणजे लहरी. त्यांना ते कंपनीचं नाव वाटलं. म्हणाल्या, "हो, तीच दाखवा."

१६ मार्च
नवरा आज पहिल्यांदा वडिलांच्या खोलीत बसला. प्राध्यापक व्हायचं सोडून याने दुकान काढलं, तेव्हापासून दोघांत एक तर भांडण, नाहीतर अबोला. एकाच घरात!

अण्णा त्याच्याकडे बघत म्हणाले, "ऑब्ड्युरेट."

"काय म्हणतात?" याने मला विचारलं. मी कोश उघडला. "हट्टी. कशानेही न द्रवणारा."

वाटलं, झालं, आता उठून जाणार. तेवढ्यात अण्णांनी चालता हात उचलला — डावा — आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

याने माझ्या हातातून कोश घेतला. मग म्हणाला, "दोघंही."

मी भाजी चिरायला घेतली.

२१ मार्च
आता दुकान बंद केलं की हा थेट तिकडे. कोश त्याच्या मांडीवर. "कॉन्ट्राइट? थांबा, थांबा, बघतो. हं, पश्चात्ताप झालेला." मी आत गेले की दोघं असे बघतात, जशी मी मधेच कडमडले.

नर्सबाई म्हणाल्या, "बापलेकांचं छान आहे हो." मी हो म्हटलं.

२७ मार्च
फॉरबेअरन्स. याने मोठ्याने वाचलं — "दुसऱ्याचे अपराध पोटात घालणं." मग विचारलं, "कुणी घातले? तुम्ही की मी?"

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

भांडी पडली होती. घासायला गेले. घासलेलीही पुन्हा घासली.

३ एप्रिल
अण्णांची नखं कापत होते. हा दुकानात. "जपून गं, लागतंय," अण्णा म्हणाले. स्वच्छ मराठीत!

"अण्णा! कधीपासून?"

"हळू बोल. त्याला एवढ्यात सांगू नकोस. मराठीत आम्ही भांडतो."