माधवीची फ्लॉपी

३ नोव्हेंबर, सोमवार

घात झाला. माझ्याच हाताने झाला!

विष्णुपंतांनी विश्वासाने दिलेली फ्लॉपी गेली. बुरशी धरली होती, मला दिसत होती. अशी फ्लॉपी आधी उघडून पुसायची, कॉपी काढायची, मगच चालवायची — वर्गात इतकी वर्षं मीच घसा फोडून सांगतोय. पण आज प्रिन्सिपॉलबाई पाहुण्यांना घेऊन डिपार्टमेंटला आल्या. हे आमचे सर, कॉम्प्युटरचा इतिहास लिहितात, असं त्यांनी म्हटलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हटलं थांबा, १९९१ सालचा मराठी प्रोग्राम चालवूनच दाखवतो. ड्राइव्हमध्ये घातली. खर्रर्र! बाहेर काढली तर तबकडीवर गोल चरा, खालचं प्लास्टिक आरपार दिसतंय.

पाहुण्यांना म्हणालो, जुनी यंत्रं, चालायचंच. चहा पिऊन गेले ते.

४ नोव्हेंबर

काय गेलं ते लिहून ठेवतो. विष्णुपंत अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत ऑफिसर होते. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांची मुलगी माधवी कॉलेजात होती. सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर जायची. इंग्रजीशिवाय काही न कळणाऱ्या त्या मशीनला तिने मराठी लिहायला लावलं. कशासाठी, तर कॅन्टीनचा मेनू! कामगारांना वाचता यावा म्हणून. ग्राफपेपरवर ठिपके भरून भरून एकेक अक्षर काढलं पोरीने. पुढे तीन वर्षांत काविळीने गेली. माझ्या पुस्तकातलं सगळ्यात लाडकं प्रकरण तिचं आहे.

आणि तिचा प्रोग्राम मी खरवडून टाकला.

७ नोव्हेंबर

विष्णुपंतांचा फोन. त्र्याऐंशी वय, आवाज अजून खणखणीत. चालली का, विचारत होते. साफ करतोय, नाजूक काम आहे, असं सांगितलं.

"सावकाश करा सर. मला एकदा बघायचीय फक्त. तिने केली तेव्हा मी शेजारच्या खोलीत असूनही बघायला उठलो नाही हो. सारखं आपलं काम, काम."

हो, सावकाशच करतो, म्हणालो. भित्रा माणूस.

९ नोव्हेंबर, रविवार

नीलिमाला सांगितलं. बायको आहे, जरा धीर देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, उद्याच अंबरनाथला जा आणि त्यांच्या पायाशी बसून सांग. बदलापूरहून कितीसं लांब आहे, परदेशी जायचंय का?

जातो उद्या.

१२ नोव्हेंबर

गेलो नाही. उलट भलतंच करून बसलो.

पुस्तकासाठी त्यांनी एका आठवड्याच्या मेनूचा प्रिंटआउट दिला होता. पिवळा पडलेला, कडेला भोकांच्या पट्ट्या. तो समोर ठेवला आणि मीच प्रोग्राम लिहिला. तिच्यासारखा. मुद्दाम हळू चालणारा. प्रिंटआउटमध्ये जी अक्षरं नव्हती ती माझ्या मनाने काढली. 'ठ' जमला तेव्हा खूश झालो — लाज सोडून खूश झालो! इतिहासकार म्हणे. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर भर सेमिनारमध्ये सालटी काढली असती त्याची.

१६ नोव्हेंबर, रविवार

विष्णुपंत बदलापूरला, कुळगावात आमच्या घरी आले. कडक इस्त्रीचा शर्ट, रिक्षा करून एकटेच. खुर्ची पुढे ओढून बसले. स्क्रीनवर अक्षरं उमटायला लागली. सोमवार. मटकीची उसळ, भात, ताक. विष्णुपंत ओळ न ओळ वाचत गेले. मग तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा स्क्रीनवर हात ठेवला.

"माझ्या मुलीने केलंय हे," ते नीलिमाला म्हणाले. ती पोह्यांचं बघते म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

निघताना माझे दोन्ही हात धरून आभार मानले. आभार! मी त्यांना रिक्षात बसवून दिलं, पडदा लावून घ्या, वारा लागेल, एवढंच बोललो. नीलिमा माझ्याशी बोलत नाहीये. बरोबरच आहे तिचं.

१९ नोव्हेंबर

प्रकाशकाचा मेल. माधवीचा प्रोग्राम चालतोय अशा स्क्रीनचा फोटो पाठवा, मुखपृष्ठावर घेऊ. म्हणजे माझा खोटेपणा आता तिच्या नावाने छापून येणार. पोरं त्यावर प्रोजेक्ट करतील. मार्चमध्ये रिटायर होताना हे मागे ठेवून जायचं?

फोटो पाठवला नाही.

२२ नोव्हेंबर

ठरलं. उद्या सांगायचं. शिव्या देतील, दार लावून घेतील. घेऊ देत. प्रकरणातही लिहीन, फ्लॉपी माझ्या मूर्खपणामुळे गेली. नीलिमाला सांगितलं तर तिने चहा आणून समोर ठेवला. बोलली नाही, पण ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

अंबरनाथला गेलो. त्यांच्याकडे रंगकाम चाललंय, सगळं सामान मधल्या खोलीत. विष्णुपंत खुशीत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "सर, माळा रिकामा करताना माधवीच्या कपड्यांत आणखी एक फ्लॉपी निघाली. तिच्याच अक्षरात लिहिलेलं, 'मेनू, जादा प्रत'. पिशवीत गुंडाळलेली, अगदी नवी करकरीत. पण म्हटलं सरांकडे चालतेय ना आता, मग ही कशाला जपायची? परवा घंटागाडीत टाकली."

मी म्हणालो, बरं केलंत.