शिलंगणाचा न निघालेला बार

तळेगाव ढमढेरे
३ ऑक्टोबर २०२५

चि. सारिका हिस आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझं निम्मं बोलणं ऐकू येत न्हाई, म्हणून पत्र. तू दौंडला पोलिसांच्या शस्त्रागारात लागलीस हे बाजारात सांगून सांगून तोंड दुखलं, तरी सांगतोच.

खंडेनवमीला आपली आन् तुझ्या दत्ताकाकाची बंदूक एकाच पाटावर पुजली, काडतुसं एकाच ताटात. हळद-कुंकवानं पार माखली. काल शिलंगणाला निघताना रिवाजाप्रमाणं ताटातलं एक भरलं, आभाळाकडं धरून चाप ओढला, तर नुसतं टक्. उघडून बघतो तर आत काडतूसच न्हाई. दत्ता सगळ्यांपुढं हसला, म्हणाला आबा भरायलाच विसरले. लई लाजलो. पुढल्या शनिवारी, अकरा तारखेला, उसातली रानडुकरं हुसकायचीत. तवा दुसरं भरून असा बार काढतो की त्याचं हसू बंद.

तुझ्यावर जीव असलेला,
आबा

दौंड
७ ऑक्टोबर २०२५

ती. आबांना सारिकाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. लगेच आईला फोन केला, तो का ते लिहिते. तुम्ही विसरला नव्हता, आबा. आपली बंदूक बारा बोअरची, काकांची वीस बोअरची, म्हणजे बारीक नळीची. हळदीत काकांच्या काडतुसांचा पिवळा रंग वेगळा कळला नाही आणि त्यांचं बारीक काडतूस तुम्ही भरलंत. ते नळीत पुढं घसरून अडकलंय. मागून दुसरं घालून चाप ओढला असता तर नळी तुमच्या डाव्या हातातच फुटली असती, तोंडासमोर.

आईनं बंदूक कपाटात घालून कुलूप लावलं. तुम्ही घर डोक्यावर घेतलंत तरी तिनं किल्ली दिली नाही म्हणे. मला तिचा फार अभिमान वाटतो. नळीत काही खुपसू नका, परवाना असलेल्या बंदुकीच्या कारागिराकडंच न्या. हवं तेवढं रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
सारिका

तळेगाव ढमढेरे
१४ ऑक्टोबर २०२५

चि. सारिकास आशीर्वाद. वि. वि.

पुण्याच्या कारागिरानं नळीतनं काडतूस काढून पुढ्यात ठेवलं. दत्ताचंच. संगती आलेल्या दत्ताचं हसू तिथंच बंद झालं. हे कुणी ओळखलं, असं कारागिरानं विचारलं. मी म्हणालो, “माझ्या लेकीनं. दौंडात बसून, नुसतं पत्र वाचून.” त्यानं एकदाच विचारलं, मी दोनदा सांगितलं. किल्ली अजून तुझ्या आईच्याच कनवटीला हाय. ऱ्हाऊ दे.

लिहिताना डाव्या हातानं कागद दाबून धरलाय. सारखं त्याच्याकडंच लक्ष जातंय. हा हात तू राखलास, पोरी. सुट्टी काढून ये. ह्याच हातानं तुझी पाठ थोपटायचीय.

तुझी वाट बघणारा,
आबा