बुनाडच्या जाकिटाची बटणं

२ मार्च
वजनकाटा शाळेच्या बँडच्या जुन्या बाजाराला देऊन टाकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काट्याकडे बघू नका, कंबर मोजा, दम किती टिकतो बघा, झोप बघा. मी हेच वर्षानुवर्षं सांगतोय, पण फी त्या घेतात.
कंबरेसाठी टेप कशाला? बायकोनं, गुनवोरनं, लग्नाच्या वर्षी शिवलेलं बुनाडचं, म्हणजे आमच्या सणाच्या पारंपरिक पोशाखाचं, जाकीट आहे. दर सतरा मेला, राष्ट्रीय दिनी, ते घालून मिरवणुकीत आमच्या कोरसचा झेंडा धरतो. सव्वीस वर्षांत एक बटण अडलेलं नाही.
गुनवोर ऑक्टोबरात वारली. काही वाटत नाही. झोप दहा तास. म्हणजे एक माप आत्ताच पास.

३ मार्च
सहज घालून पाहिलं. बटणं लागत नाहीत. कपाटात दमट असणार, लोकर आटते.

१५ मार्च
दम मोजायला रोज चर्चची चढण चढायची. आजपासून. पाऊस. शेजारचा ओड्वार खिडकीवर टकटक करून म्हणाला, चल रे, हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. माझे कपडे वाईटच आहेत. घरीच राहिलो.

२९ मार्च
चढण चढलो. तीनदा थांबलो. त्यातलं एकदा देखावा बघायला, ते धरत नाही. दुसरं एका कुत्र्यामुळे. म्हणजे एकदाच.

गुड फ्रायडे
ओड्वारच्या डोंगरातल्या केबिनवर. थोडं स्कीइंग, मग भिंतीला टेकून उन्हात संत्री आणि चॉकलेट. संध्याकाळी चेहरा लालबुंद. रक्ताभिसरण सुधारल्याची खूण. ओड्वार म्हणाला, गाढवा, भाजलायस.

२२ एप्रिल
धाप न लागता बूट चढवले! लगेच सिग्नेला बर्गनला फोन. ती म्हणाली, बाबा, तुझ्या त्या बुटांना नाड्याच नाहीत. मुलगी आईवर गेलीय.

२८ एप्रिल
कारण सापडलं. गुनवोर दर एप्रिलअखेरीस जाकीट हवा द्यायला काढायची. दोन-तीन दिवस तिच्या शिवणखोलीत असायचं. यंदा हवा कोणी दिली? अंगणात दोरीवर टांगलं.

१ मे
हवा दिली. लागत नाहीत. शिवणखोलीतलीच हवा लागत असेल. तिथे टांगायला दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

१० मे
श्वास रोखून वरची बटणं लावली. शिंक आली. चांदीचं एक बटण कॉफीत. ओड्वार म्हणाला, सगळ्यांचंच कपाटात आटतं, माझी बायको म्हणते कपाट बदल. मी हसलो नाही.
सिग्ने फोनवर म्हणाली, सूट घाल ना. नाही. गुनवोरनं शिवलेलं जाकीट तिनं लावलेल्या बटणांसकट घालूनच चालणार. या घरात एक तरी गोष्ट होती तशी राहू दे.
तपकिरी चीज बंद. उद्यापासून.

१६ मे
सिग्ने आली. म्हणाली, दे इकडे, बुनाडच्या शिवणीत आत कापड सोडलेलं असतं, आत्ता वाढवून देते. अस्तर उसवलं आणि शिवण बोटांनी चाचपली. मग म्हणाली, बाबा, आत काहीच उरलं नाही.
दिव्याखाली दाखवलं. जुन्या टाक्यांची भोकं, ओळीला लागून ओळ, थेट कापडाच्या काठापर्यंत. म्हणाली, आई दर वर्षी वाढवत होती, तुला माहीत नव्हतं?
म्हटलं, माहीत होतं.
शेवटची ओळ गेल्या वर्षीची. त्यापुढे कापडच नाही.

१७ मे
जाकीट उघडंच घातलं. झेंडा पोटासमोर धरला. ओड्वार म्हणाला, आटलं का रे? म्हटलं, नाही, मी वाढलो. तो नुसता शेजारून चालत राहिला.
चढणीवर थांबलो. देखावा नव्हता, कुत्राही नव्हता. गुनवोर नाही, एवढंच. सात महिन्यांत पहिल्यांदा रडलो, तेही अख्ख्या कोरससमोर.
घरी येऊन शिवणखोलीत गेलो. तिची टेप पेटीत होती. कंबर मोजली. आकडा इथे लिहीत नाही. तिला माहीत होता.