टिप्याचा दूधभात

१३ जुलै, रविवार

सुरी टेकवली आणि पाणी थेट चष्म्यावर! मेंढीच्या काळजात लिंबाएवढी गाठ, आत नितळ पाणी. शेजारी आणखी चार गाठी. आखाडातला रविवार, बाहेर गिऱ्हाइकांची रांग.

मष्णू खाटीक म्हणाला, "पुसा की चष्मा, डॉक्टर. एवढं काळीज टाकून देऊ, मटणाला काय हुतंय?"

"खड्ड्यात टाक. वर चुना."

"व्हय व्हय. खड्ड्यातच."

तपासणीच्या वहीत लिहिलं — नष्ट केले. सही. मान वर केली, तर माझाच कुत्रा, टिप्या, जिभल्या चाटत होता. खड्डा कोरडा!

मी काही बोललो नाही. सहा वर्षं बोललेलो नाही. त्याला आवडतं.

१४ जुलै

आईला वाटतं, मी गाईम्हशींना इंजेक्शनं देतो. जैनाचा पोरगा कत्तलखान्यात काळजं चिरतो, हे बोरगावात कोणत्या तोंडानं सांगायचं?

टिप्या रोज स्कूटरवर पुढे उभा राहून माझ्याबरोबर येतो. परत आला की आई त्याला दूधभात भरवते. बोटांनी. तो बोटं चाटून साफ करतो, ती पदराला पुसते.

आज शेजारच्या गुणाबाईंना सांगत होती, "आमच्या टिप्यानं सोडलंय सगळं. दिवस मावळला की घास घेत न्हाय."

"कुत्र्याच्या जन्माला येऊन पुण्य जोडतंय बघा, आक्का."

कसा घेईल? दुपारीच अर्धा किलो आत गेलेलं असतं.

१५ जुलै

पाच काळजं बाद. टिप्या खूश.

१७ जुलै

आईची उजवी कूस पुन्हा दुखते आहे. ती म्हणते, वायू. महिनाभर ओवा खाते आहे. उद्या बेळगाव.

१८ जुलै, शुक्रवार

सोनोग्राफी. लिव्हरमध्ये, म्हणजे काळजातच, पाण्याची गाठ. मोसंबीएवढी.

मी पडद्याकडे पाहिलं. वेगळं काहीच नव्हतं. रोज पाहतो तेच.

डॉक्टरांनी विचारलं, "मेंढ्यांशी काही संबंध?"

आई ताडकन उठून बसली. "आमी जैन! मेंढराला शिवतबी न्हाय."

ते समजावू लागले. हे मटण खाऊन होत नाही. असलं काळीज कुत्रा खातो, जंत त्याच्या पोटात वाढतात, अंडी विष्ठेतून पडतात, केसांना लागतात. तिथून आपल्या हाताला, हातातून तोंडात. गाठ वाढायला वर्षं लागतात. मी मान डोलावत होतो. कॉलेजात या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मिळाले होते.

"ऑपरेशन करू. आत फुटली तर जिवावर बेतेल. घरी कुत्रा आहे?"

"हाय की. पण शाकाहारी हाय."

डॉक्टर हसले.

१९ जुलै

टिप्याला जंताची गोळी दिली. थुंकला. गुळात दडवून दिली. गूळ खाऊन गोळी थुंकला! तिसरी घशात कोंबली.

आईला म्हटलं, त्याला हात लावू नकोस.

"मुक्या जनावराला उपाशी ठेवू? कुठल्या तरी कुत्र्यानं घाण खाल्ली असंल. ह्याचा काय दोष, अरिहंता?"

आणि भरवत राहिली. बोटांनी.

सांगावंच लागणार.

२० जुलै, रविवार

टिप्याला घरी बांधून गेलो. बाद काळजं स्वतः खड्ड्यात टाकली, स्वतः चुना ओतला. मष्णू बघत उभा. "आज सूर्य कुठनं उगवलाय?"

घरी येऊन आईचं जेवण होईपर्यंत थांबलो. दिवस मावळायच्या आत सांगितलं. कत्तलखाना. काळजं. टिप्या. माझी सही.

"सहा वर्षं?"

"व्हय."

"त्ये खाऊन त्यो माझी बोटं चाटत हुता?"

"व्हय."

"अन् तुला ठावं हुतं."

ती उठली. हात धुतले. पुसले. परत धुतले.

२१ जुलै

सकाळी माझं ताट बाहेर कट्ट्यावर होतं, टिप्याच्या थाळीशेजारी. आईनं लांब दांड्याच्या डावानं दोघांना दूधभात वाढला. आधी टिप्याला.