आईचं खोटं

दादा,

आईला कॅन्सर झाल्याचं मी सहा महिने तुझ्यापासून लपवलं. प्रयोगशाळेसाठी समुद्रात बुड्या मारून स्पंज नावाचे समुद्री जीव गोळा करतोस, म्हणून मीच तुला "घर सोडून चिखल उपसतोस" असं टाकून बोलले होते. मग कोणत्या तोंडानं कळवणार?

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ निम्म्यानं आटली. हे औषध मुळात समुद्रातल्या स्पंजात सापडलं."

मी तिथंच रडले. आई हसली. "म्हणजे माझ्या लेकासारख्याच कुणीतरी बुडी मारली होती! लाव त्याला फोन."

आता ती तुझ्याशी बोलतेय. "मीच तिला सांगू नको म्हटलं होतं," असं धडधडीत खोटं सांगतेय.

हे पत्र पाठवत नाही. तिला खोटं कशाला पाडू?

तुझी,
धाकटी