वाकळीच्या पोटातली भाकरी

घाटनांदूर,
बुधवार, २८ फेब्रुवारी २००७

ती. वत्सलाअक्का यांना नीलाचा शरणार्थ.

तीन महिन्यांपूर्वीच्या त्या मंगळवारी चौथ्या दिवसाचं नळाचं पाणी आलं होतं. हंडे, घागरी, आंघोळीचं पातेलं आणि सरतेशेवटी ताकाचा गडवासुद्धा भरून झाला होता. अंगण झाडलं, लिंगपूजा उरकली, भाकरी थापल्या, आणि मी पडवीत वाकळीचे थर अंथरले. तीन कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि तुमच्या भावाच्या दुकानातलं पाच किलोचं वजन ठेवलं होतं आणि चौथ्या कोपऱ्यावर जानकीबाई स्वतः बसली होती. (शेजारची जानकीबाई. ती माझ्याबरोबर शिवते हे तुमच्या कानावर आलंच असेल.) मी सुईत दोरा ओवत होते तेवढ्यात अंबाजोगाईहून अपेक्षा आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आई, आपल्याला जुन्या वस्तूंत टाकलंय."

पण तुमची खुशाली विचारायची राहूनच गेली. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत धरत होता, आता ऊन पडायला लागलं आहे तर सुटला असेल. भावजींचा खोकला थांबला का? अडुळसा चालू ठेवा म्हणावं. आमचं सगळं ठीक. अपेक्षाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि तिला माझ्यापेक्षा कमी काळजी आहे. दिवाळीपासून तुमचं पत्र नाही. त्याचं कारण मला ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही. फक्त पहिल्यापासून सगळं सांगते, कारण तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी मधूनच सांगितलं.

इंटरनेटवर एक बाजार आहे. तिथं दुकान घालायला जागा लागत नाही. अपेक्षा कॉलेजजवळच्या कॅफेत बसून आपल्या वाकळीचा फोटो टाकते, लांबच्या गावचं माणूस तो बघतं, पसंत पडली तर मागवतं आणि मी इथल्या पोस्टातून पार्सल करते. (मी घरातली लुगडी चव्हाट्यावर मांडली असं तुमच्याकडे कोणी म्हणालं म्हणे. हा चव्हाटा असा आहे की तिथं कोणी कोणाला दिसत नाही. मला तर कधी कधी वाटतं, एखादं गिऱ्हाईक दिसलं असतं तर बरं झालं असतं.) दीड वर्ष हे चांगलं चाललं. यंदा दसऱ्यानंतर गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली, सगळी ऊसतोडीला गेली, पण जानकीबाई गेली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा ती हिवाळ्यात स्वतःच्या छपराखाली झोपली, वाकळी शिवायला मिळतात म्हणून. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आता भाकरीचं. आपल्या घरची रीत अशी की वाकळीचा शेवटचा टाका घालायच्या आधी त्या कोपऱ्यात भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा आणि मगच तोंड शिवायचं. (मी नवी नवरी असताना तो ठेवायचा विसरले, तेव्हा तुम्ही मला अख्खा कोपरा उसवायला लावला होता. मी रडले होते, तुम्ही शेवया करून घातल्या होत्या.) विकायच्या वाकळीतही आम्ही तो ठेवत आलो. बाजार निराळा म्हणून रीत निराळी, हे मला कधी सुचलंच नाही. कार्तिकात पुण्याच्या एका बाईंच्या हाताला कोपऱ्यात काही कडक लागलं. त्यांनी कात्रीनं टाके उसवले, आत सापडलं त्याचा फोटो काढला आणि हा बाजार चालवणाऱ्या कंपनीला कळवलं की ही वाकळ आधी कोणीतरी अंथरुणात वापरलेली आहे, आत उष्टं निघालं. कंपनीनं काही न विचारता आपलं दुकान 'जुन्या वस्तू' या विभागात नेऊन ठेवलं. तिथं आपल्या एका बाजूला कोणाचा तरी गंजका कूलर आणि दुसऱ्या बाजूला सीट नसलेली स्कूटर. तीन महिन्यांत एका माणसानं चौकशी केली, तीही स्कूटरची, चुकून.

उष्टं म्हटल्याचं जानकीबाईला फार लागलं. "उष्टं कावून आसंल? तव्यावरची पयली भाकर हाय ती. माज्या तोंडात घास जायच्या आदी त्या वाकळीला घालते म्या," असं ती मला सांगत होती, जणू तक्रार मीच केली होती. आणि या महिन्याच्या सुरुवातीला अपेक्षानं आणलेल्या कागदावर लिहिलं होतं की मार्चअखेरपर्यंत विक्री झाली नाही तर दुकान बंद होईल. म्हणजे पुढच्या दसऱ्याला जानकीबाई पुन्हा बैलगाडीत. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला औरंगाबादच्या विक्रेता मेळाव्याचं आमंत्रण होतं. कंपनीची माणसं तिथं भेटणार होती. मी त्या दिवशीच ठरवलं की जायचं.

मागच्या रविवारी मेळावा होता. शनिवारीच एसटीनं दोघी गेलो, अपेक्षाच्या मैत्रिणीच्या घरी उतरलो. मेळावा एका हॉटेलात, इतकं गार की मला आपल्याच मालाची आठवण झाली. दारात एका मुलीनं यादीत बघून माझ्या गळ्यात नावाची पाटी घातली. अपेक्षानं दुकान तुमच्या भावाच्या नावानं नोंदवलं आहे, त्यामुळे पाटीवर छापलं होतं: सिद्धलिंग, जुन्या वस्तू. बदलून द्यायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. अक्का, जे नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही ते दिवसभर गळ्यात घालून फिरले. (लिहायला हरकत नसावी, असं मी आज ठरवलं आहे.) जो भेटेल तो वाकून पाटी वाचायचा आणि विचारायचा, सिद्धलिंगजी कुठं आहेत. पहिल्या दोघांना मी खरं सांगितलं, तर ती बिचारी पोरं हातातला चहा प्यायची थांबली. मग मी नुसतं म्हणू लागले, आले नाहीत. ते गेल्यानंतर सहा वर्षांनी इतक्या लोकांनी त्यांची चौकशी केली. मला वाईट वाटलं नाही. उलट दुपारनंतर कोणी विचारलं नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

तिथं 'नेटवर्किंग' नावाचा एक कार्यक्रम होता. अनोळखी माणसासमोर बसायचं, दोन मिनिटांत एकमेकांचा धंदा समजून घ्यायचा, घंटा वाजली की उठून पुढच्या खुर्चीवर. यासाठी हॉटेल कशाला हवं ते मला कळलं नाही. आपल्या स्टेशनवर गाडी यायच्या आत मी चार घरांची ओळख काढते. पण घंटेनं माझी पंचाईत केली. समोरच्याचं गाव विचारायचं, घरी कोण कोण आहे ते विचारायचं, कोणाला बरं नसेल तर औषध सांगायचं, आणि मग धंद्याचं बोलायचं, ही आपली रीत. धंद्यापर्यंत पोचायच्या आत घंटा. एका माणसाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं बिघडलं हे मध्यावर आलं होतं, तेव्हा मी उठायला साफ नकार दिला. त्यामुळे मागची सगळी रांग अडली आणि माईकवरून दोनदा 'सिद्धलिंगजी, प्लीज' असं झालं. शेवटी मला सव्वीस घरांची माहिती झाली आणि कोण काय विकतं ते एकाचंही नाही.

जेवण उभ्यानं होतं. एका हातात ताट, दुसऱ्या हातानं जेवायचं आणि त्याच हातानं लोकांची कार्डं घ्यायची. मी एका टेबलाशी जाऊन बसले, तर ते जुन्या वस्तूवाल्यांचंच निघालं. जुने मोबाइल, जुनी शिलाई मशिनं, जुने पंखे. पाट्या बघून बाकीचे लोक आमच्याकडे येत नव्हते, आले तरी भंगाराचा भाव विचारून जात होते. मी वाटेसाठी बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि पुढची वीस मिनिटं त्या टेबलावर जे चाललं ते खरं नेटवर्किंग असावं. बंकट नावाचा जालन्याचा माणूस होता, तिशीचा, जुने मोबाइल विकणारा. त्यानं तीन दशम्या खाल्ल्या आणि माझी सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाला, "मावशी, भाकर लपवली कावून?" मी म्हटलं, लपवली नाही रे, ती आतच असते. तो म्हणाला, "म्या मोबाइलला चरा आसला तर पयला फोटो चऱ्याचाच टाकतो. वर लिवतो, हितं चरा हाय, बगून घ्या. एक मानूस भांडाया येत न्हाई. तुमी फोटोखाली भाकर लिवा की." इतकी साधी गोष्ट आम्हा तिघींना तीन महिन्यांत सुचली नव्हती.

दुपारी प्रश्न विचारायची वेळ आली. व्यासपीठावर कंपनीच्या रुचिका मॅडम होत्या. अपेक्षाहून चार-पाच वर्षांनी मोठी पोरगी असेल, डोळे जाग्रणाचे. बंकटनं माझा हात धरून वर केला, म्हणून मला उठावं लागलं. मी विचारलं, आमची वाकळ जुनी कशी? मॅडम म्हणाल्या, कापड वापरलेलं आहे ना? मी म्हटलं, आहे. लुगडं दहा वर्षं अंगावर धुतलं गेल्याशिवाय त्याला वाकळीचा मऊपणा येत नाही, कोऱ्या कापडाची वाकळ टोचते. पण मी कापड विकत नाही, टाके विकते. कापड त्यांच्याबरोबर येतं. टाके सगळे नवे आहेत, हवे तर मोजून घ्या. मागून जुन्या पंख्यांवाल्यानं टाळी वाजवली. (त्याचा माझ्या प्रश्नाशी संबंध नव्हता, पण त्यानं दशमी खाल्ली होती.) मॅडमनी पुण्याच्या तक्रारीचा कागद काढून पाहिला. मग त्या भाकरीबद्दल विचारू लागल्या, आणि त्या विचारताना मला कळलं की त्या रागावलेल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, नियम माझ्या हातात नाही, पण तुम्ही वाकळीची पूर्ण माहिती लिहून द्या. कापड कुठलं, टाके कसे, भाकरी घालता ते, आणि का घालता ते. पंधरा मार्चच्या आत द्या, मी वरच्या ऑफिसात तुमच्या बाजूनं बोलते. होईल असं वचन देत नाही. वचन देत नाही असं इतक्या सरळ सांगणारं माणूस मला आवडतं, म्हणून निघताना मी त्यांना घरी जेवायला यायचं आमंत्रण दिलं. ते शेजारी उभ्या असलेल्या सगळ्या जुन्या वस्तूवाल्यांनी आपलंच समजून घेतलं. बंकटनं कालच बूथवर फोन करून गाडीची वेळ विचारली.

परत आल्यापासून माहिती लिहिते आहे. तुमच्या भावाच्या दुकानात पुड्यांचे कागद वाचून वाचून मी वाचायला शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण लिहिणं निराळं आहे. तरी कापडाचं लिहून झालं, टाक्यांचं झालं. अपेक्षा त्याचं इंग्रजी करते आहे. जानकीबाई रोज पाठीमागे उभी राहून विचारते की माझं नाव घातलं का. घातलं आहे. मला वाटतं, काम होईल. अजून झालेलं नाही, पण तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही नवी वाकळ अंथरली आहे.

भावजींना शरणार्थ. प्रकृतीला जपावं.

तुमची,
नीला

ता. क. फक्त 'का' एवढं राहिलं आहे. भाकरी का घालायची हे मला कोणी सांगितलंच नाही, घाल म्हटलं आणि मी घातली. जानकीबाई म्हणते, वाकळ उपाशी ठेवली तर ती झोपलेल्या माणसाची ऊब खाते. हे छापलं तर कोणी विकत घेणार नाही. अपेक्षानं लिहिलं आहे की त्यानं भरभराट होते, ते तिनं जागेवरच बनवलं. खरं कारण सासूबाईंनी तुम्हाला सांगितलेलं असणार. त्यांच्याजवळ बसून तुम्हीच शिकलात. दोन ओळी लिहून पाठवाल का? या पत्राचं काम एवढंच आहे, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पुन्हा ता. क. आत्ता वरचं वाचून पाहिलं. काम एवढंच नाही. अक्का, तुमच्या भावाची धोतरं मी कोणत्याही वाकळीत घातलेली नाहीत. तीन आहेत, पेटीत आहेत, त्यांना कात्री लागलेली नाही. ती कापून मी विकली, तुम्हाला तेच वाटलं असणार आणि तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. भाकरीचं कारण मिळालं नाही तर माहितीत ती जागा मी मोकळी सोडेन. पण तुम्ही बोला.

आणखी एक. पत्र पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं. मग हिशेब केला की ते पोचणार, तुम्ही वाचणार, चार दिवस रागावणार, मग लिहायला बसणार, यात पंधरा तारीख निघून जाईल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले नाही. सकाळच्या पॅसेंजरनं तुमच्याकडे उदगीरला आले. तुम्ही मठात गेला आहात असं शेजारच्यांनी सांगितलं, म्हणून पाकीट फोडून हे तुमच्या ओट्यावर बसून लिहिते आहे.