चार तोंडांचा पाइप

ता. ४ नोव्हेंबर, मंगळवार

जीपचा खरा खर्चा एकदा लिहून ठेवतो. व्याह्यांना रोख एक लाख साठ. त्यांना टॉवेल-टोपी, विहीणबाईंना साडी. साडी आमच्या हिनं, नंदाबाईनं, निवडली म्हणून महाग. पेढे. आणि एक वाक्य, जे घशातून परत खाली ढकललं: "आबाराव, बॉनेट उघडता का जरा?"

मुलीच्या सासऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडायचं म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात शिरून पिठाचा डबा हुंगण्यासारखं. पोरगी तिथं नांदून राह्यली. भाव करायचा न्हाई, खोट काढायची न्हाई.

तशी मला बॉनेटची गरजही नव्हती. पंक्चरच्या टपरीपासून मोटर-पंपाच्या दुकानापर्यंत आलो तो कानाच्या जोरावर. बांधावरून मोटर ऐकतो आन सांगतो, बेअरिंग गेलंय का वाइंडिंग. त्या दिवशी आबारावांनी जीप चालू केली, मी डोळे मिटले आणि दोन मिनिटांत सांगितलं की इंजिन ओरिजिनल आहे, कंपनीतून निघालं तसं, कुणाचा हात लागलेला न्हाई. आबाराव माझ्याकडं बघतच राहिले. जाणकार भेटला की माणसाचं असं होतं.

शेजारच्या शेडात त्यांची पिठाची गिरणी डिझेल इंजिनवर चालू होती. त्या आवाजावर मी कानाला हात लावले. म्हणालो, हे भंगारात घाला, हे कधी जन्मात चांगल्या गाडीखाली नव्हतं. आबाराव तेव्हाही बोलले न्हाईत.

१४ डिसेंबरला शालूची ओटी भरून तिला पहिल्या बाळंतपणाला मंठ्याला माहेरी आणायची. लग्नात तिची पाठवणी भाड्याच्या गाडीत केल्ती. गाडीवर आधीच्या लग्नातल्या नवरा-नवरीची नावं चिकटलेली. अर्धी खरडली, अर्धी राहिली. पोरगी सासरी गेली ती कुण्या 'पल्लवी'च्या नावानं. आता बापाच्या स्वतःच्या गाडीत येईल. आणि तिच्या सासरहून, परतूरहून, निघालेल्या एसटीला मागं टाकून येईल, असं मी आबारावांच्या ओसरीवर चारचौघांत बोललो आहे.

ता. ८ नोव्हेंबर, शनिवार

जीप रस्त्यावर काढली. चाळीसच्या वर जात न्हाई. चढ असो, उतार असो, सूर एकच. पाय दाबला तरी सूर तोच. शिस्तीचं इंजिन आहे.

उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला. त्यावर गाणी चालू होती. नंदाबाई म्हणाली, पायी आलो असतो तर वाटेत मेथी तरी घेता आली असती. बायकांना यंत्रातलं कळत न्हाई.

संध्याकाळी मोबाइलवर जाहिरात आली: जुन्या जीपला नवा दम. टर्बो किट, सव्वीस हजार. पूर्वी चाळीसला अडायची ती जीप व्हिडिओत डोंगर चढून राह्यली. देवानं कान दिले तसा मोबाइललाही कान असतो म्हणायचं.

फॉर्ममध्ये इंजिन नंबर मागितला होता. नंबर बघायला बॉनेट उघडा, चिखल खरवडा. नंबर त्यांना लागतो ज्यांना कान न्हाईत. त्या जागी 'ओरिजिनल' असं लिहून पैसे भरले.

रात्री शालूचा फोन. म्हणाली, अण्णा, जीपचं एक सांगायचंय. मी तिथंच थांबवलं. सासरच्या वस्तूबद्दल माहेरी बोलू न्हाई, हे तिला लहानपणापासून मीच शिकवलंय.

ता. १५ नोव्हेंबर, शनिवार

किट आलं. खोकं एवढं की शेजारी विचारून गेले, फ्रिज घेतला का. हो म्हणालो.

ओमप्रकाशच्या गॅरेजवर नेलं. किटमधला मुख्य भाग म्हणजे लोखंडी पाइप. त्याला चार तोंडं. ती इंजिनाच्या चार भोकांवर बसतात, आणि बाकी सगळं त्या पाइपाला लागतं.

इंजिनाला भोकं तीन.

मी दोनदा मोजली. ओमप्रकाशनं वाकून बघितलं, हातानं चिखल पुसला, मग सरळ उभा राहून विचारलं, "जीप कुणाकडून घेतली, काका?"

"व्याह्यांकडून."

"मंग चांगली आहे," म्हणाला आणि बॉनेट लावून टाकलं. पाइपावर खडूनं फुली मारून माझ्या हातात दिला. पैसे घेतले न्हाईत.

सरळ आहे. कंपनीनं चुकीचा पाइप पाठवला. एक तोंड जास्तीचं लावून पैसे उकळायचा धंदा.

ता. १७ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीला फोन. हिंदीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी पाच दाबा, मग बासरी. बासरी चांगली होती. अर्ध्या तासानं लाइन कटली.

दुसऱ्यांदा तृप्ती नावाची मुलगी आली. शुद्ध हिंदीत आपली समस्या आमची समस्या म्हणाली. मी तीन भोकांचं सांगितलं. ती म्हणाली, सर, त्या जीपला चार असतात. म्हणालो, माझ्या जीपला किती असतात ते मी मोजलंय का तुम्ही? ती म्हणाली, इंजिन नंबर सांगा. तत्त्वाचा प्रश्न आहे. सांगितला न्हाई.

तक्रार नोंदवली. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येणार.

ता. १८ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात कडूबा आल्ता. वस्ताद शेतकरी, पण यंत्राच्या बाबतीत कच्चा. मागच्या आठवड्यात नेलेला, विहिरीतल्या पाइपाच्या बुडाला लावायचा फुटव्हॉल्व्ह बसत न्हाई म्हणाला. मी समजावलं की व्हॉल्व्ह बराबर आहे, पाइप तपासा. पाइपाचं माप काय म्हणून विचारलं तर त्याला सांगता येईना. शेवटी भिंतीवरची पाटी दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. व्यवहार म्हणजे व्यवहार.

अठ्ठेचाळीस तास उलटून गेले तरी चालतील, पण ग्राहकाशी असं वागणं मला पटत न्हाई. म्हणजे कंपनीचं.

ता. २१ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तर न्हाई. फोन केला. मी वर बोलेन म्हणालो. बासरी. मग सीनियर मॅनेजर म्हणून मिसेस मेहरा आल्या.

तोच आवाज. फक्त जड केला होता. मागं कुकरची शिट्टी झाली. सोमवारीही झाल्ती, तोच कुकर, शिट्टी जरा बसकी. मी म्हणालो, मिसेस मेहरा, तिसरी झाली, उतरवा, न्हाईतर डाळ खाली लागेल.

 मग मराठीत आवाज आला, "थांबा काका." भांड्याचा आवाज. परत आल्यावर ती तृप्तीच होती. घरून काम करते, दिवसाला शंभर फोन, मॅनेजरही तिलाच व्हावं लागतं. माझ्या कानांचं तिला फार नवल वाटलं. माणूस कळला की व्यवहार सोपा होतो. तिनं पाइप परत मागवून घेतला, बदलून देते म्हणाली. जाता जाता मात्र म्हणाली, "काका, एकदा नंबर बघा ना. कधी कधी इंजिन बदललेलं असतं."

मी म्हणालो, बाई, हा पाइप जगातल्या एका जरी इंजिनाला बसला तर मी दोन्ही कान कापून तुमच्या पत्त्यावर पाठवीन. कॉल रेकॉर्ड होत असतो, ते बरंच.

ता. २८ नोव्हेंबर, शुक्रवार

नवा पाइप आला. चार तोंडं. खडूची फुली.

ता. ३ डिसेंबर, बुधवार

निकाल: पैसे परत मिळणार न्हाईत. मिळतील ते 'पॉइंट'. पॉइंटवर त्यांच्याकडचं हेल्मेट किंवा सीटकव्हर घेता येतं. मी म्हणालो, ग्राहक मंचात खेचतो. तृप्ती म्हणाली, खेचा काका, पण फॉर्मवर इंजिन नंबर लागेल.

कडूबा पुन्हा आला. पाइप मोजून आणला होता, दोरीनं. दोरी माझ्यासमोर धरून उभा राहिला. मी म्हणालो, बदलून देतो, पण या महिन्यात स्टॉक न्हाई. तो म्हणाला, तातेराव, तुमचं बी कंपनीसारखं झालं. मी त्याला चहा पाजला. अशा वेळी चहा पाजावा.

रात्री शालूचा फोन. अण्णा, ती जीप. मी म्हणालो, बाळाकडं लक्ष दे.

ता. ११ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस उरले. जीप चाळीसच. नंदाबाई म्हणाली, आबारावांना सांगा की त्यांच्या मोठ्या गाडीत पाठवा. मी म्हणालो, पोरगी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीत?  ती उठून जीपच्या मागच्या सीटवर दोन गोधड्या टाकून आली. मग अजून एक टाकली.

ठरवलं. एसटीच्या आधी अर्धा तास निघायचं. मागं टाकण्याचा हाही एक प्रकार आहे.

ता. १४ डिसेंबर, रविवार, रात्री

सकाळी निघालो. पाइप जीपमध्ये मागंच पडून होता, काढायचा राहिला.

कार्यक्रम चांगला झाला. शालू हिरव्या साडीत. जेवणं झाली. निघताना आबाराव स्वतः तिची बॅग ठेवायला जीपशी आले आणि पाइप बघून थांबले. हातात घेतला, फिरवला, तोंडं मोजली. तो घेऊन गिरणीच्या शेडात गेले. मी मागं गेलो. गिरणी बंद होती. त्यांनी इंजिनाला जुना पाइप होता तिथं हा धरला. चार भोकं, चार तोंडं.

"बराबर बसतोय की," म्हणाले.

मग आबारावांकडून सगळं समजलं. गिरणीचं इंजिन पाच वर्षांपूर्वी मेलं. जत्रेच्या दिवसांत दळण थांबवून चालणार नव्हतं, म्हणून जीपचं काढून इथं बसवलं. जीप रिकामी राहू न्हाई म्हणून मंडपवाल्या भाच्याकडून जनरेटरचं जुनं इंजिन आणून तिच्यात घातलं. जनरेटर एकाच चालीनं फिरतो, दिवे बारीक-मोठे होऊ नयेत म्हणून. तीन भोकं.

मी विचारलं, सांगितलं का न्हाई? आबारावांना खरंच नवल वाटलं. मला म्हणाले, "तुम्ही डोळे मिटून ऐकलं, गिरणीचंही ऐकलं. मला वाटलं, तुम्हाला कळलंच असेल. व्याह्याच्या मालाची खोट काढायची न्हाई म्हणून तुम्ही ओरिजिनल म्हणताय. एवढा मोठेपणा केला, त्यावर मी काय बोलू?"

शालू दारात उभी होती. म्हणाली, मी सांगून राह्यले होते अण्णा. मग हसू दाबायला तिनं पदर तोंडाला लावला.

परत येताना एसटी गेली, उसाचे ट्रॅक्टर गेले, एक सायकलवाला बराच वेळ बरोबर राहिला. एकच सूर, एकही हिसका न्हाई. शालू तीन गोधड्यांवर झोपली ती मंठा येईपर्यंत उठली न्हाई. चालवताना मी आरशात बघत होतो. बापाच्या गाडीत आली, एवढं तरी झालं.

ता. १६ डिसेंबर, मंगळवार

कडूबाचा फुटव्हॉल्व्ह बदलून दिला. स्टॉक होता.

दुपारी तृप्तीचा फोन, या वेळी तिनं स्वतःच केला. मागं कुकर नव्हता. तक्रार अजून उघडी दिसते, बंद करायची तर कारण लिहावं लागतं, काय लिहू, असं विचारत होती. कानांचं तिनं काही काढलं न्हाई, चांगल्या घरची आहे.

पाइप बसला, असं लिहायला सांगितलं.